बीट तेवढं वाचलं

१

काचघरातली स्ट्रॉबेरी मेली, घेवडा मेला, आणि बीट तेवढं वाचलं. आप्पांच्या मते एवढ्यावरच गुन्हेगार सापडला होता. आत्याला त्यांनी बोलावलं होतं ते फक्त शिक्का मारायला.

आत्या ही आप्पांची मोठी बहीण. तिनं सारी नोकरी बंदरावर केली. जहाजातून उतरलेला माल भिजलेला निघाला, की विमा कंपनी तिला बोलवायची आणि पाणी पावसाचं की समुद्राचं हे ती सांगायची. त्यावरून भरपाई कुणी द्यायची ते ठरायचं, त्यामुळे तिच्याशी खोटं बोलणाऱ्यांची कधी वानवा पडली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली असायचीच; खाऱ्या पाण्यात त्याचा थेंब पडला की पाणी पांढरं फाटतं. झाडांमधलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या गॅलरीत निवडुंगसुद्धा टिकला नव्हता, आणि ती आली की कुणी ना कुणी ही गोष्ट काढायचंच.

ती पोचली तेव्हा आप्पा घराच्या दारात उंच स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते. रोपवाटिकेत बाकी सगळे रबरी बूट घालत. चामड्याचे घालणारे आप्पा एकटेच. मालकानं मालकासारखं दिसावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"ये ताई. हे पॉलिश बघ," ते म्हणाले. "पूर्वी एकदा हात फिरवला की आठवडाभर बघायला नको. आता सकाळी करावं तर संध्याकाळी पुन्हा पांढुरकं. कशातच काही दम राहिला नाही."

"तुझ्या गुडघ्यांतही नाही, असं ऐकलं."

"गुडघे ठणठणीत आहेत," आप्पा म्हणाले आणि उठताना त्यांनी दाराची चौकट धरली.

फाटकावर जुनी पाटी होती, 'इथे विष वापरले जात नाही.' आप्पांनी ती रोपवाटिका सुरू केली त्याच वर्षी स्वतः रंगवली होती. कीड हातानं वेचायची, तण हातानं उपटायचं, हा त्या घराचा कायदा होता आणि त्यात कुणाला सूट नव्हती. आत्याला भावाचा हा हट्ट आवडायचा, पण तिनं तसं त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो आधीच डोक्यावर बसला होता.

काचघर लांबलचक होतं. मधून दगडी फरशांची वाट, दोन्ही बाजूंना टेबलं, टेबलांवर कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारी बारीक नळी. टेबलांमागून टेबलं स्ट्रॉबेरी करपून उभी होती. पानांच्या कडा काडी लावल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या, आणि घेवड्यानं तर माना टाकल्या होत्या. आत्यानं एका कुंडीत बोट घातलं.

"माती ओली आहे की रे."

"तेच तर. पाणी पायाशी आणि झाड तहानेनं मेलं," आप्पा म्हणाले. "मातीत मीठ झालं की मुळांना पाणी ओढता येत नाही. वर पांढरं काय साचलंय बघ. थोरल्यानं चाटून पाहिलं."

ही सगळी रोपं एका रुग्णालयाच्या नव्या बागेसाठी होती. इतकं मोठं काम रोपवाटिकेला कधीच मिळालं नव्हतं, आणि रुग्णालयाच्या बाई सोमवारी रोपं बघायला यायच्या होत्या. टोकाच्या एका टेबलावर मात्र बीट आणि पालक काहीच न झाल्यासारखे तरारले होते. ते टेबल धाकट्या सुनेचं. रुग्णालयाच्या रोपांना जागा हवी म्हणून आप्पांच्या थोरल्या मुलानं ते हलवायला सांगितलं होतं, त्यावरून दोघांची जुंपली होती.

"बियांच्या खोलीतलं मिठाचं पोतं अर्ध्यावर आलंय," आप्पा म्हणाले. बी पेरण्याआधी ते मिठाच्या पाण्यात टाकत. भरीव बी बुडतं, पोकळ तरंगतं, तरंगलेलं फेकायचं. "पण ते काम कधीच संपलं. पिंप कोरडं पडलंय. मग मीठ गेलं कुठे? आणि मेलं ते सगळं रुग्णालयाचं, वाचलं ते सगळं हिचं. तू तुझी बाटली काढ आणि मीठच आहे एवढं सांग. रविवारी धाकटा येतोय. त्याच्या नोकरीच्या गावी तो तिला घेऊन जाईल. मी तिला सामान बांधायला सांगितलंय."

"आणि तिला विचारलंस का?"

"काय विचारायचं राहिलंय?"

आत्यानं मान खाली घालून वाटेकडे पाहिलं. मागच्या खेपेला ती आली होती तेव्हा फरशांच्या फटींतून एवढं गवत आलं होतं, की रोपं टेबलांवर आहेत की खाली असं तिनंच चिडवलं होतं. आता एक काडी नव्हती.

"वाट छान झालीये," ती म्हणाली.

"पाहुण्या येणार म्हणून साफ झाली," आप्पा म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आत्यानं पर्स काखेत घट्ट धरली. बिनचौकशीच्या कागदावर तिनं आजवर सही केली नव्हती, आणि भावासाठी तो नियम मोडावा असं तिला वाटेना.

२

थोरली सून स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

"मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही, आत्या," ती म्हणाली आणि चहा उकळून आटेपर्यंत बोलत राहिली. धाकटीला घरात कुणी काही म्हणायचं नाही. धाकटी पाण्याच्या नळ्या अंथरत बसणार आणि भांडी हिनं घासायची. टेबल हलवायला सांगितलं त्या दिवशी धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती, 'बघू मग तुमची स्ट्रॉबेरी किती जगते ते.'

"हे शब्द तिचे की तुझे?"

"तिचेच. शप्पत."

आत्यानं ओट्यावरच्या वाटीकडे बोट दाखवलं. वाटीत जाड, खडबडीत मीठ होतं. जेवणात घालायचं मीठ बारीक होतं आणि ते वेगळ्या बरणीत होतं.

थोरलीचा चेहरा उतरला. "करपलेली भांडी लवकर निघतात त्यानं. वाटी-दोन वाट्या आणते बियांच्या खोलीतून. आप्पांना सांगू नका. बियांचं मीठ म्हटलं की ते देव्हाऱ्यातलं असल्यासारखं बोलतात."

वाटी-दोन वाट्यांनी पोतं अर्ध्यावर येत नाही, एवढा हिशेब आत्याला येत होता. "बरं, वाट कुणी साफ केली गं? मन प्रसन्न झालं."

"धाकटीनं केली असेल. तिलाच असले उद्योग सुचतात."

थोरला ऑफिसच्या खोलीत होता. आत्या आत शिरताच त्यानं टेबलावरचा नकाशा घाईनं गुंडाळला. तिनं काही विचारलं नाही, नुसती समोरच्या खुर्चीत बसून राहिली. बंदरावर ह्या युक्तीनं तिला पुष्कळ काही कळलं होतं.

"जमिनीच्या पुढच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय," शेवटी थोरला पुटपुटला. "आप्पांना अजून सांगितलं नाही."

"रोपवाटिका बुडाली की सांगणं सोपं जाईल, नाही का?"

"आत्या, रुग्णालयाचं काम मी आणलंय. त्या बाईंच्या पायऱ्या मी झिजवल्यात." त्याचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "धाकटी वाईट नाही. पण तिचंच तेवढं टेबल कसं वाचतं, हे तू मला सांग."

"वाट कुणी साफ केली?"

"वाट? हिनं केली असेल. मी नाही बघितलं."

धाकटी तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. डोळे कोरडे होते, पण घडी घातलेला स्वेटर तिनं उलगडून परत घातला, आणि तेच आणखी एकदा केलं. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा रोपवाटिकेत पाणी झारीनं घालत. नळ्या, टाकी, पाण्याच्या वेळा, सगळं तिनं बसवलं होतं. नवरा नोकरीसाठी दूर गेला तेव्हाही ती इथेच राहिली, ती ह्या कामासाठी. नवऱ्याशी तिचं भांडण नव्हतं. त्याच्या गावी तिला बाग नव्हती, एवढंच.

"स्ट्रॉबेरीचं म्हणालीस का तू?"

"म्हणाले. राग आला होता. रोज त्या रोपांना मीच बघत होते आणि माझ्या चार बिटांना जागा नाही म्हणाले भाऊजी." तिनं स्वेटर बॅगेत ठेवला. "रागात माणूस बोलतं, आत्या. म्हणून काय कुणी झाडं मारतं?"

आत्यानं बंदरावर रागात बोललेली आणि रागात केलेली, दोन्ही प्रकारची माणसं पाहिली होती. "वाट तू साफ केलीस?"

"मला वेळ कुठे होता? भाऊजींनी केली असेल."

चांगल्या कामाचं श्रेय दुसऱ्यावर ढकलणारं घर आत्या जन्मात पहिल्यांदाच बघत होती. तिला गंमत वाटली, आणि का कोण जाणे, थोडं खटकलंही.

संध्याकाळी ती बाटली आणि काचेचे छोटे पेले घेऊन काचघरात बसली. आधी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेऊन तिनं त्यात एक थेंब सोडला. पाणी जेमतेम धुरकट झालं, तेवढं कुठल्याही नळाचं होतं. मग मेलेल्या स्ट्रॉबेरीची माती दुकानातून आणलेल्या शुद्ध पाण्यात हलवून, गाळून, थेंब सोडला. पेल्यात दह्यासारखं पांढरं फाटलं. मीठच होतं, आप्पांचं खरं होतं.

इथे काम संपायला हरकत नव्हती. पण भिजलेल्या पोत्यांची पाहणी झाली की शेजारचं कोरडं पोतंही उघडून बघायचं, ही तिची जुनी खोड. त्यासाठी तिला कितीतरी हमालांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. ती उठली आणि तिनं धाकटीच्या टेबलावरची, ठणठणीत बिटाखालची चिमूटभर माती घेतली.

थेंब पडला आणि पेला तितकाच पांढराफटक झाला.

३

"माझ्या बिटाच्या मातीत?" धाकटी पेल्याकडे बघत राहिली. कुणी तिच्या कुंड्यांकडे अजून वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. झाड ठीक म्हणजे माती ठीक, असं तीही धरून चालली होती.

"तितकंच मीठ. मग ते जिवंत कसं? मला झाडांतलं कळत नाही, तू सांग."

धाकटी खाली बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. "मी मूर्ख आहे. आत्या, बीट मूळचं समुद्रकाठचं. त्याची रानातली जात खाऱ्या वाळूत वाढते. पालक त्याच्याच गोतावळ्यातला. थोडंफार मीठ त्यांना चालतं. आणि स्ट्रॉबेरी अगदी नाजूक, घेवडाही तसाच. थोडं खारं पाणी मिळालं की पानांच्या कडा जळायला लागतात."

"म्हणजे तुझं टेबल कुणी वाचवलंच नाही."

"सगळ्यांना एकच पाणी गेलं. ते जगलं, बाकीची मेली."

आत्याला हे पटलं. आणि ज्या गोष्टीत आपला संशयित सुटतो ती त्याच्याच तोंडून ऐकली, तर ती तपासून घ्यायची, हेही तिला पटत होतं. थोरलीच्या खिडकीत नळाच्या पाण्यावर वाढलेल्या स्ट्रॉबेरीच्या दोन कुंड्या होत्या. बिटाची दोन रोपं शेजारच्या बागेतून मागून आणली. खिडकीत दोन जोड्या मांडल्या. एका जोडीला नळाचं पाणी, दुसरीला काचघराच्या टाकीचं. रविवारपर्यंत थोरलीला तिनं राखणीला बसवलं.

"ह्यांना कुणी हात लावला तर मला सांगायचं."

"हात काय, कुणी फुंकरसुद्धा मारणार नाही," थोरली म्हणाली. भांड्यांच्या मिठाचं प्रकरण मिटेपर्यंत ती आत्यासाठी काहीही करायला तयार होती.

टाकीचं पाणी नळीतून पेल्यात घेतलं तेव्हा तेही फाटलं. म्हणजे मीठ कुंड्यांत कुणी टाकलं नव्हतं, ते टाकीतून नळ्यांनी सगळीकडे पोचलं होतं. थोरला हे ऐकत उभा होता. मग त्यानं टाकीच्या लोखंडी झाकणाकडे बोट दाखवलं. त्याला भलंमोठं कुलूप होतं.

"ह्याची चावी एकच आहे, आत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "ती धाकटीकडे असते."

४

"बघ," आप्पा म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

ते जिंकल्यासारखे बोलत होते, पण चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. ह्या सुनेचं काम त्यांनी कधी तोंडावर वाखाणलं नव्हतं. तरी फाटकात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी तिच्या नळ्या दाखवत, हे आत्याला माहीत होतं.

धाकटीनं चावी आणून दिली. आत्यानं ती कुलपात घातली. चावी अर्ध्यातच अडली. थोरल्यानं जोर लावला, तेल सोडलं, तरी कुलूप ढिम्म हललं नाही. आत गंज धरला होता.

"शेवटचं कधी उघडलंस?"

"टाकी बसवली तेव्हा," धाकटी म्हणाली. "नंतर उघडायची वेळच आली नाही."

म्हणजे झाकणातून मीठ गेलं नव्हतं. आत्यानं टाकीला एक फेरी मारली. जहाजाच्या तळाशी पाणी शिरलं तर ते भोक पाडूनच शिरतं असं नाही, आधीपासून असलेल्या नळ्याही असतात. टाकीत वरून एक पाइप येत होता, तो विहिरीचा. दुसरा खालून, जमिनीतून वर आला होता.

"हा कुठला?"

"काचघरातल्या मोरीचा," धाकटी म्हणाली. "कुंड्यांतून निथळतं ते सगळं पाणी वाटेवर पडून मोरीत जायचं आणि तिथून बाहेरच्या गटारात. फुकट जायचं. मी ते वळवलं. वाळूच्या पिंपातून गाळून परत टाकीत. भाऊजींनीच पाइप पुरायला मदत केली. वहिनी तर आठवडाभर चिखलाच्या नावानं ओरडत होत्या."

"वाळूत मीठ अडतं का गं?"

"गाळ अडतो," धाकटी सावकाश म्हणाली. "मीठ नाही अडत. मी हा विचारच केला नव्हता. वाटेवर मीठ कोण टाकेल?"

आत्या एकटीच काचघरात गेली. फरशांच्या फटीत तिनं केसांतली पिन घालून खरवडलं. खाली मेलेल्या गवताची मुळं होती आणि मुळांभोवती पांढरी भुकटी. पेल्याचीसुद्धा गरज नव्हती, पण तिनं थेंब सोडला. फाटलं.

ती तिथेच टेबलाच्या कडेला टेकली आणि विचार करू लागली. स्ट्रॉबेरी मारायची असती तर मीठ सरळ कुंड्यांत टाकता आलं असतं. इथे कुणीतरी फटीफटीतून, टोकापासून टोकापर्यंत, कुंड्यांवर एक शिंतोडा न उडवता खारं पाणी ओतलं होतं. झाडांना इतकं जपणारा माणूस झाडं मारायला आलेला नसतो. त्याला गवत मारायचं होतं. आणि वाटेवरचं पाणी परत टाकीत जातं, हे त्याला माहीत नव्हतं. थोरल्यानं पाइप पुरला होता, थोरलीनं चिखल सोसला होता, धाकटीनं तर सगळं केलंच होतं. तिघांनाही ते माहीत होतं.

शिवाय ते तिघंही गवत हातानं उपटणारे. खाली बसायचं आणि उपटायचं, त्यात काय एवढं. मीठ कुणाला लागेल? ज्याला विष चालत नाही आणि खालीही बसता येत नाही, त्याला.

वाट कुणी साफ केली हे तिनं घरात सगळ्यांना विचारलं होतं. ज्यानं बोलावलं त्यालाच विचारायचं राहिलं होतं. आता तिला त्याचे शब्द आठवले. 'साफ झाली,' असं तो म्हणाला होता. कुणी केली ते त्यानं सांगितलंच नव्हतं.

घराच्या दाराशी चपलांच्या कप्प्यात रबरी बुटांचे तीन जोड होते आणि चामड्याचा एक. सकाळीच पॉलिश केलेला. टाचेपासून चवड्यापर्यंत, शिवणीच्या जरा वर, एक पांढरी वळणावळणाची रेघ उमटली होती. खाऱ्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या हमालांच्या बुटांवर तिनं ती हजारदा पाहिली होती. मीठ चामड्यात मुरलं की पॉलिशखालून पुन्हा पुन्हा वर येतं. पॉलिशचा त्यात काही दोष नसतो.

आत्याला वाईट वाटलं, आणि भावाचा रागही आला. दोन्ही एकदम. तिनं बाटली बाहेर काढली, मग न उघडता परत पर्समध्ये ठेवली.

५

रविवारी सकाळी तिनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. धाकटा दुपारपर्यंत पोचणार होता. धाकटीची बॅग दाराशी उभी होती.

खिडकीतल्या कुंड्या आत्यानं टेबलावर मांडल्या. नळाच्या पाण्यावरची स्ट्रॉबेरी हिरवीगार होती. टाकीच्या पाण्यावरच्या स्ट्रॉबेरीच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. बिटाची दोन्ही रोपं मात्र ताठ होती, कुठलं कुठल्या पाण्यावरचं हे सांगता आलं नसतं.

"कुणी हात लावलेला नाही," थोरलीनं न विचारता सांगितलं.

"म्हणजे धाकटीनं आपलं टेबल वाचवलेलं नाही," आत्या म्हणाली. "बिटानं स्वतःला वाचवलं. खारं पाणी सगळ्यांना मिळालं ते टाकीतून. टाकीचं कुलूप गंजलंय, म्हणजे झाकण उघडलेलं नाही. आता एक सांग, आप्पा. काचघराच्या वाटेवर पाणी सांडलं तर ते कुठे जातं?"

"गटारात," आप्पा म्हणाले. "कुठे जाणार? ती मोरी मी ह्या हातांनी बांधलीये."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं ओट्याकडे.

"आप्पा," थोरला म्हणाला, "ती मोरी कधीच वळवली. पाणी आता टाकीत जातं."

"कुणी वळवली?"

"धाकटीनं. जेवताना सांगितलं होतं तिनं तुम्हाला. दोनदा सांगितलं. तुम्ही पेपर वाचत होतात. 'बरं बरं' म्हणालात."

मग त्यांची नजर हळूहळू खाली, स्वतःच्या पायांकडे गेली. काचघरातून ते तसेच आत आले होते, पायात बूट होते. सकाळी पॉलिश केलेले, आणि तरी पांढुरके.

"पुढचं मी सांगू शकते," आत्या म्हणाली. "पण मी सांगितलं तर तो अहवाल होईल, आणि अहवाल लिहायचे मी आता सोडलेत."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि आज तो बंद करायला कुणी उठलं नाही.

"मला खाली बसता येत नाही," आप्पा म्हणाले. "बसलो तर उठता येत नाही. बाई येणार, वाटेवर ते जंगल. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं, ते मला माहीत आहे. पण सांगायचं म्हणजे का सांगतोय तेही सांगावं लागलं असतं. दुपारी तुम्ही सगळे पडलात की मी झारी भरायचो. मीठ म्हणजे काही विष नव्हे, असं वाटलं. गटारात जाईल, असं वाटलं." ते थांबले. "मी झारी किती जपून धरली होती, ताई. एका पानावर थेंब उडू दिला नाही."

"बघितलं मी ते," आत्या म्हणाली.

थोरलीनं डोळ्याला पदर लावला. थोरला खिडकीबाहेर बघू लागला. धाकटी मात्र सरळ आप्पांकडे बघत होती.

"वाळू सगळं गाळते असं मी धरून चालले, ती माझी चूक," ती म्हणाली. "पण आप्पा, तुम्ही मला एकदासुद्धा विचारलं नाहीत. बॅग भर म्हणालात."

आप्पांना बचाव करता आला असता. पोतं, टेबल, तिचे ते शब्द, सगळं होतं. आत्या त्याचीच वाट बघत होती, कारण आपल्या भावाला ती ओळखून होती.

"नाही विचारलं," आप्पा म्हणाले.

त्यांनी उठून रुग्णालयाच्या बाईंच्या घरी फोन लावला. रोपं मेली, चूक माझी, मुलांची नाही, एवढंच बोलले आणि पलीकडचं निमूट ऐकून घेतलं. काम गेलं ते गेलंच. थोरल्याला त्याचं दुःख झालं, पण नकाशा त्यानं त्या दिवशी बाहेर काढला नाही.

दुपारी धाकटा आला तेव्हा त्याला दाराशी फक्त बॅग दिसली आणि घरात कुणीच नाही. आत्या पायरीवर बसून बोटांवरचे काळे डाग लिंबानं घासत होती. सिल्व्हर नायट्रेटचे डाग असे जात नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"काय झालं? ती कुठे आहे?" त्यानं विचारलं.

आत्यानं काचघराकडे बोट दाखवलं. आप्पा दाराशी उभे होते, पायात रबरी बूट, थोरल्याचे, एक माप मोठे. धाकटी त्यांच्या पुढ्यात होती.

"पाणी कुठून निघतं आणि कुठे कुठे जातं, ते मला एकदा फिरून दाखव," आप्पा म्हणत होते. "सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

धाकटीनं त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग टाकीपर्यंतच्या वाटेकडे. ती घराकडे वळली. बॅगेजवळून गेली तेव्हा नवऱ्याकडे पाहून किंचित हसली, आणि दारातलं उंच स्टूल उचलून घेऊन परत गेली.

"मध्ये मध्ये बसायला लागेल," ती म्हणाली. "चला."